शून्य टक्के तोतलाडोह: नागपूरच्या दिवसाआड पाण्याची गोष्ट

१५ जुलै २०१९ पासून नागपुरात पाणी दिवसाआड झालं. बुधवार, शुक्रवार, रविवार नळ बंद. जाहीर झालं तेव्हा मुदत एका आठवड्याची होती, पुढे ती वाढत गेली. ज्या शहरात चोवीस तास पाण्याची योजना राबवली जात होती आणि बाहेरगावची शिष्टमंडळं ती बघायला यायची, त्या शहरावर ऐन पावसाळ्यात ही पाळी आली.

प्रतापनगरला आमच्या घरी पहिल्या बुधवारी काय झालं ते सांगते. मंगळवारी रात्री मी गच्चीवरची टाकी भरली, मोरीतला ड्रम भरला, स्टीलचे दोन गंज भरले, आईच्या वेळचा पितळी बंब माळ्यावरून उतरवून तोही भरला. मग बादल्या, मग कुकर. बुधवारी संध्याकाळी त्यातलं अर्धंही संपलं नव्हतं आणि गुरुवारी सकाळी नळाला धार लागताच मी ते 'शिळं' पाणी कुंड्यांना ओतून सगळं पुन्हा भरलं. म्हणजे कपातीच्या आठवड्यात आमच्या घराचा पाणीवापर वाढला. मी पॉलिटेक्निकला मुलांना जलसिंचन शिकवते, हे इथे लाजत नमूद करते.

सात दिवसांत तीन दिवस बंद म्हणजे कागदावर त्रेचाळीस टक्के बचत. तेवढी होत नाही ती अशी घरोघरच्या बंबांमुळे. शिवाय बंद दिवशी नळ्या रिकाम्या होतात, दाब उतरतो, सांध्यांतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धार गढूळ येते. ती गटारात सोडायची. तिकडे टुल्लू पंपवाले आधी खेचतात, टोकाच्या घरांना उरतं ते करंगळीएवढं. शहरभर ही कपात लावणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. नागपूरला पाणी पुरवणाऱ्या तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा शून्यावर गेला होता, राज्याच्या परवानगीने मृतसाठ्यातून, म्हणजे एरवी वापरात न येणाऱ्या तळाच्या साठ्यातून, पाणी उचलणं चालू होतं, आणि पाऊस येत नव्हता. अशा वेळी हातात फक्त कॉक उरतो.

पण माझ्या मते जुलैमधली ही गोष्ट फार उशिराची आहे. वर्गात हे प्रकरण घेते तेव्हा मुलांना आधी सांगते की जुलै २०१९ विसरा, मागे जा. किती मागे? साठच्या दशकापर्यंत.

नदी कोणाची, पाणी कोणाचं

पेंच उगवते मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात. दोन्ही राज्यांच्या वाघांच्या जंगलातून वाहत ती महाराष्ट्रात उतरते, कन्हानला मिळते. कन्हान पुढे वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेला, आणि शेवटी सगळं गोदावरीला. जंगलात जिथे दोन राज्यांची हद्द आहे तिथे तोतलाडोह धरण आहे, १९८९ सालचं. त्याचं पाणी दोन्ही राज्यांत पसरलेलं. पायथ्याशी १६० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र, त्यातली दोन तृतीयांश वीज मध्य प्रदेशची, एक तृतीयांश आपली. जनित्रांतून सुटलेलं पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात अडतं. सरकारी कागदात या धरणाला कामठी खैरी म्हणतात. तिथून डावा आणि उजवा कालवा निघतो, आणि नागपूर शहराचं पाणीही तिथूनच उचललं जातं.

आता आकडे. पाटबंधारे खात्यात पाणी दलघमीत मोजतात, म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी. शहराचे लोक एमएलडीत बोलतात, दिवसाला दशलक्ष लिटर. हजार एमएलडी म्हणजे दिवसाला एक दलघमी. ही तीन मापं एकमेकांत न बदलता बोलणारे लोक बैठकीत एकमेकांशी तासभर भांडू शकतात, मी पाहिलंय.

तोतलाडोहाचा उपयुक्त साठा ढोबळमानाने हजार दलघमी. नवेगाव खैरीचा सुमारे १४२. नागपूर शहर पेंचमधून दिवसाला साधारण पाचशे एमएलडीच्या आसपास उचलतं, बाकीचं कन्हान नदीतून येतं. पाचशे एमएलडी म्हणजे रोज अर्धा दलघमी. फळ्यावर भागाकार लिहिला की वर्ग गप्प होतो: भरलेला तोतलाडोह फक्त नागपूरला प्यायला ठेवला तर दोन हजार दिवस पुरेल. साडेपाच वर्षं.

मग शून्य कसं झालं?

लोकांच्या तोंडी एक उत्तर तयार आहे: चौराई. 'मध्य प्रदेशनं वरती चौराई बांधलं आणि आपलं पाणी अडवलं.' रिक्षात, लग्नात, सकाळी फुटाळ्यावर फिरताना हेच ऐकलंय. धरण खरं आहे. छिंदवाडा जिल्ह्यात पेंच नदीवर माचागोरा इथे ते बांधलं गेलं, तिकडे त्याला माचागोरा म्हणतात आणि आपल्याकडे चौराई. विस्थापितांच्या आंदोलनाने ते बरीच वर्षं रेंगाळलं आणि २०१६ च्या सुमारास त्यात पाणी अडू लागलं. साठा सुमारे ४२० दलघमी. तोतलाडोहाच्या वर, त्याच नदीवर. तोतलाडोहाच्या पाणलोटाचा मोठा तुकडा चौराईच्याही वर आहे, म्हणजे जून-जुलैचा पहिला येवा, वाहून येणारं पाणी, आधी ते पोट भरून घेणार आणि ते भरल्यावर सांडलेलं खाली येणार.

इथपर्यंत तक्रार बरोबर. पुढचं वाक्य मात्र चुकतं, 'आपलं पाणी' हे. साठच्या दशकातल्या आंतरराज्य करारात पेंचच्या पाण्याची वाटणी झालेली आहे: मध्य प्रदेशला ३५ टीएमसी, महाराष्ट्राला ३०. पस्तीस टीएमसी म्हणजे ९९० दलघमी. चौराई अडवतं ४२०. त्यांच्या वाट्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे चौराईने केलं ते करारात पन्नास वर्षं लिहून ठेवलेलंच होतं.

मग चौराईच्या आधीची पंचवीसेक वर्षं काय चाललं होतं? शेजाऱ्याचा वाटा शेजारी वापरत नव्हता, धरण बांधलं नव्हतं म्हणून. ते पाणी उतारावरून आपोआप तोतलाडोहात येत होतं. आपण ते वापरलं, त्यात पाप काही नाही. नदीला काय थांबवणार. चूक झाली ती सवयीची. त्या भरघोस येव्यावर कालव्याच्या पाळ्या, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या खेपा, ठरल्या, शहराचं आरक्षण वाढलं, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना पाणी ठरलं, नवीन वस्त्यांना नळ दिले. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पंचवीस वर्षं आपण भाजीपाला लावावा आणि तो घर बांधायला आला की 'आमचा मळा उठवला' म्हणून ओरडावं, तसं हे.

यात एक गोष्ट चौराईविरुद्ध खरी आहे आणि ती सोडता कामा नये. चांगल्या वर्षी चौराई भरून सांडतं आणि खाली कोणालाच काही कळत नाही. वाईट वर्षी मात्र वरचं धरण आपला वाटा पहिल्या घासात घेतं आणि तुटीचा सगळा भार खालच्यावर येतो. समजा नदीत त्या वर्षी निम्मंच पाणी आलं, तर दोघांनी निम्म्यावर भागवायला हवं की वरच्याने पोटभर आणि खालच्याने उपाशी? सरासरी वर्षाची वाटणी लिहायला सोपी असते. तुटीच्या वर्षाची वाटणी अवघड, कारण तिथे वरच्याने भरल्या ताटातलं सोडावं लागतं. उन्हाळ्यात 'चौराईतून पाणी सोडा' अशी मागणी आपल्याकडून झाली. पण मे महिन्यात कोणतं राज्य आपल्या धरणातलं पाणी खाली सोडून देईल? ही बोलणी ऑगस्टमध्ये व्हायला हवीत, दोघांच्या धरणात पाणी येत असताना, साठ्याच्या टक्केवारीवर. 'तुमचं साठ टक्के झालं आणि आमचं वीसवर असलं तर इतकं सोडायचं', असा साधा तक्ता.

ऑक्टोबरची बैठक

२०१७ चा पाऊस कमी, २०१८ चाही कमी. दोन वाईट वर्षं लागोपाठ. खात्यात १५ ऑक्टोबरला धरणातलं पाणी मोजतात. त्या दिवशी जे आहे ते पुढच्या जूनपर्यंतचं. २०१८ च्या १५ ऑक्टोबरला तोतलाडोह निम्म्याच्याही बरंच खाली होता. कालवा सल्लागार समितीची बैठक त्यानंतर बसते: पालकमंत्री, जिल्हाधिकारी, आमदार, अभियंते, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी. पिण्याचं किती, उद्योगाचं किती, रब्बीला किती पाळ्या, हे तिथे ठरतं. राज्याच्या धोरणात पिण्याला पहिला क्रम आहे. दुसऱ्यावर २००३ च्या धोरणात उद्योग होता. २०११ मध्ये सरकारने तो बदलून शेतीला दुसरा केला. क्रम बोलायला छान. प्रत्यक्ष धरणात मात्र सगळं पाणी एकाच रंगाचं असतं.

या बैठकीपर्यंत खरा निर्णय बहुधा होऊन गेलेला असतो, हे बाहेरच्याला कळत नाही. तो होतो सप्टेंबरमध्ये, धानाच्या वेळी.

माझं माहेर मौदा तालुक्यातलं, पेंचच्या डाव्या कालव्याच्या टोकाकडचं. आमची चार एकर धानाची बांधी आहे, मोठा भाऊ करतो. तिकडे जूनमध्ये पऱ्हे टाकतात, जुलैत रोवणी, आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर धान निसवायला लागतो. लोंबी बाहेर पडून दाण्यात दूध भरायचे ते पंधरा-वीस दिवस. त्यात बांधीत ओल नसली तर लोंबी उभी राहते पण दाणा पोचट. शेतकऱ्याच्या चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल त्या पंधरवड्यात लागतो. नेमका तेव्हाच विदर्भात पाऊस ओढ देतो. मग कालव्याला पाणी सोडा म्हणून मागणी होते, आणि ती न्याय्य असते. तिला नाही म्हणणारा अधिकारी किंवा पुढारी मी अजून पाहिलेला नाही. मी त्या खुर्चीत असते तर मीही नाही म्हटलं नसतं.

पण त्या एका पाळीची किंमत मांडू. पेंच प्रकल्पाचं लाभक्षेत्र लाखभर हेक्टर. एका पाळीत बांधीत आठ सेंटिमीटर पाणी धरा. एक लाख हेक्टरवर ते होतं ऐंशी दलघमी. कालवे जुने, अस्तर उखडलेलं, वितरिका आणि मायनर, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणारे छोटे फाटे, गवताने भरलेले. धरणातून निघालेल्या पाण्यातलं अर्धं वाटेत जिरतं असं धरलं तर धरणातून सोडावं लागतं एकशे साठ. शहराला रोज अर्धा लागतो. म्हणजे धानाची एक पाळी बरोबर शहराचे तीनशेवीस दिवस. प्रत्यक्ष भिजणारं क्षेत्र लाखाहून बरंच कमी असतं, म्हणून हिशेब निम्मा करा. तरी सव्वापाच महिने होतात.

हा आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा वर्गातला एक कामठीचा मुलगा पटकन म्हणाला, "मग मॅडम, धान बंद करायला सांगा." मी त्याला मागच्या बाकावरच्या पारशिवनीच्या मुलाकडे बघून पुन्हा तेच बोल म्हटलं. तो बोलला नाही.

धान बंद करायची गरजही नाही. गणित दुसऱ्या बाजूने वाचायला हवं. त्या एकशे साठमधले ऐंशी वाटेत गेले. कालव्याची गळती निम्मी केली तर चाळीस दलघमी वाचतात, एका पाळीत. शहराचे ऐंशी दिवस. शहराकडेही बोट दाखवता येतं: शुद्ध करून नळ्यांत सोडलेल्या पाण्यातलं चाळीस-पन्नास टक्के बिलात येत नाही, असं गळती, चोरी आणि बंद मीटर मिळून इथे वर्षानुवर्षं बोललं जातं. पाचशेतले दोनशे एमएलडी धरले तरी वर्षाला त्र्याहत्तर दलघमी. कालव्यावर शहरवाल्यांचा राग, नळावर गावच्या लोकांचा राग, आणि भोकं दोन्हीकडे.

रब्बीला त्या वर्षी कालव्याचं पाणी नव्हतं. भावाने गहू पेरला नाही. चणा घेतला, तोही विहिरीला इंजिन लावून एका ओलितावर. गव्हाला चार-पाच पाळ्या लागतात, चण्याचं एक-दोनमध्ये भागतं. जुलैत मी फोनवर दिवसाआड पाण्याचं रडगाणं गायले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमच्या नळाले एक दिवस पाणी नाई आलं तं पेपरात फोटो येते. आमच्या मायनरले पाणी नाई तं कोणी इचारत बी नाई." मी विषय बदलला.

नवेगाव खैरीचा दगड

जून २०१९ मध्ये आम्ही तिसऱ्या वर्षाची मुलं घेऊन नवेगाव खैरीला गेलो होतो. मुलांना कोरडं धरण बघायचं होतं, मोबाइल तयार ठेवले होते. तिथे तळाशी का होईना पाणी दिसत होतं, वाऱ्याने लाटाही उठत होत्या. मुलं नाराज. "मॅडम, पाणी तर आहे." एकाने तर ते स्टेटसला टाकलं, 'सगळं खोटं आहे' म्हणून.

त्याला थांबवून पिचिंगच्या, म्हणजे बांधाच्या उतारावर रचलेल्या, दगडांवर पाण्याने ओढलेल्या रेषा दाखवल्या. पूर्ण संचय पातळीची पांढरट रेष डोक्याच्या कितीतरी वर. त्याखाली एकाखाली एक फिकट रेषा, पाणी जिथे जिथे काही दिवस थांबलं त्या जागी. आणि खाली ओला काळा पट्टा. नवेगाव खैरीत पाणी दिसत होतं कारण वरच्या तोतलाडोहाच्या मृतसाठ्यातून ते सोडलं जात होतं. हे धरण हंडा आहे, विहीर वर जंगलात आहे, आणि विहिरीत पोहरा तळाला घासतोय. तिकडे सहज जाता येत नाही, व्याघ्र प्रकल्प आहे, म्हणून शहराला आपली विहीर दिसतच नाही. मुंबईच्या माणसाला तलावांची नावं पाठ असतात. नागपूरकराला तोतलाडोह हे नाव त्या उन्हाळ्यात तोंडी आलं.

त्याच दगडावर बसून आणखी एक हिशेब केला, तो मुलांना जास्त लागला. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला साधारण एक सेंटिमीटर वाफ होऊन जातं. तोतलाडोह पूर्ण भरला की पसारा सत्तर-पंचाहत्तर चौरस किलोमीटर. उन्हाळ्यात तो आक्रसतो, पस्तीस धरा. पस्तीस चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर म्हणजे साडेतीनशे एमएलडी. शहर पितं त्याच्या दोन तृतीयांशाहून जास्त पाणी ऊन पितं, बिल न भरता.

म्हणून 'साठवून ठेवा' हे उत्तरही वाटतं तितकं सोपं नाही. दोन वर्षांचं पाणी धरणात राखून ठेवलं तर त्यातला चांगला हिस्सा आकाश नेणार. तरीही माझं मत राखून ठेवण्याच्याच बाजूने आहे, थोडं: दर १५ ऑक्टोबरला, भरलेल्या वर्षीसुद्धा, पुढच्या जूननंतरच्या तीन महिन्यांचं पिण्याचं पाणी बाजूला काढून मग बाकीचं वाटावं. शहराचे नव्वद दिवस म्हणजे पंचेचाळीस दलघमी, वाफेसकट साठ-सत्तर. हजारातले सत्तर. २०१९ मध्ये पाऊस उशिरा आला आणि जुलै कोरडा गेला, त्याला एवढी शिल्लक पुरली असती. दिवसाआडची वेळ आली नसती. आरक्षणाचं वर्ष जूनला संपतं आणि मोसमी पावसाने तारीख पाळावी अशी अपेक्षा असते. नागपुरात राहणाऱ्या कोणीही असं गृहीत धरणं मला विनोदी वाटतं.

जे चांगलं झालं

एक काम वेळेत झालं होतं आणि त्याची चर्चा कमी होते. कोराडीच्या वीज केंद्राच्या नव्या संचांसाठी भांडेवाडीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून दिवसाला १३० एमएलडी पाणी देण्याची व्यवस्था २०१५ च्या सुमारास सुरू झाली. आपण मोरीत सोडलेलं पाणी शुद्ध होऊन शीतकरणाला जातं. वर्षाला सत्तेचाळीस दलघमी. ते नसतं तर तेवढं पाणी पेंचमधूनच मागितलं गेलं असतं, आणि २०१९ चा जुलै आणखी आधी आला असता. सांडपाण्याचा असा वापर देशातल्या फार थोड्या शहरांनी या प्रमाणावर केलाय. नागनदीच्या वासावर विनोद करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं. नागनदीचा वास आहेच, तो विनोद मीही करते.

त्या उन्हाळ्यात जुन्या विहिरींचाही गाळ काढायला सुरुवात झाली. महालातल्या, सीताबर्डीच्या, जुन्या वाड्यांच्या विहिरी. पिण्याला नाही तरी बागेला, बांधकामाला ते पाणी चालतं. पाऊस आला तशी त्यांच्यावरची जाळी पुन्हा बसली.

बोगदा

मोठा उपाय म्हणून एक नाव दरवेळी निघतं: कन्हानचं पाणी तोतलाडोहात वळवणारा बोगदा. कन्हानही मध्य प्रदेशातूनच येते आणि तिच्यात महाराष्ट्राच्या वाट्याचं दहा टीएमसी आहे. ते अडवायला जामघाटचा प्रकल्प मुळात योजलेला होता, झाला नाही. म्हणून कन्हानचं पाणी साठ-बासष्ट किलोमीटरच्या बोगद्याने पेंचच्या खोऱ्यात आणायचं, असा प्रस्ताव. धरण तिकडे, बोगदा तिकडे, जंगल तिकडे. म्हणजे परवानगी मध्य प्रदेशची. मे २०२५ मध्ये तापीच्या महापुनर्भरण योजनेवर भोपाळमध्ये दोन्ही राज्यांचा करार झाला, तेव्हा जामघाटचा विषयही पुन्हा निघाला.

मी बोगद्याच्या विरोधात नाही. दहा टीएमसी म्हणजे २८३ दलघमी, चौराईच्या साठ्याचा दोन तृतीयांश. पण तो होईपर्यंत वीस ऑक्टोबर येऊन जातील, आणि त्या वीस बैठकांत काय करायचं याला बोगदा उत्तर देत नाही. आणखी एक शंका आहे. पेंचमध्ये आपण उपऱ्या पाण्याची सवय लावून घेतली. बोगद्याचं पाणी आलं की ती सवय पुन्हा लागेल, नव्या वस्त्या, नवी आरक्षणं, आणि कालव्याचं अस्तर तसंच. उद्या कन्हानच्या वर त्यांनी काही बांधलं तर?

आणि मग पूर

२०१९ च्या ऑगस्टनंतर छिंदवाड्यात पाऊस कोसळला. चौराई भरलं, त्याची दारं उघडली, आणि कालपर्यंत शून्यावर असलेला तोतलाडोह काही आठवड्यांत भरून सप्टेंबरमध्ये त्याची वक्रद्वारं उघडावी लागली. एकूण चौदा दारं आहेत. जुलैत मृतसाठा उपसणाऱ्या यंत्रणेने सप्टेंबरमध्ये पाणी सोडून दिलं, कारण ठेवायला जागा नव्हती.

वर्षभराने, ऑगस्ट २०२० च्या शेवटी, तीच गोष्ट उलटी झाली. २८ आणि २९ तारखेला वर अतिवृष्टी, चौराईचा विसर्ग, तोतलाडोह आधीच भरलेला, त्याचाही विसर्ग, खाली पेंच आणि कन्हान एकत्र. पारशिवनी, कामठी, मौदा, कुही इथली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली, आणि तेच पाणी वैनगंगेतून भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत गेलं. वरून किती सुटलंय हे खाली वेळेत कळलं का, यावर नंतर बरंच बोललं गेलं.

आमच्या भावाच्या दोन बांध्या कन्हानच्या बाजूला आहेत. रात्री दोनला त्याचा फोन आला तेव्हा मागे बैल हंबरत होते. पाणी ओसरायला चार दिवस लागले. धानावर बोटभर पिवळा गाळ बसला होता, हाताने पुसला तर खाली पान कुजलेलं. निसवायला तीन आठवडे उरले होते.

हे दोन्ही प्रसंग मी वर्गात एकाच तक्त्यात लिहिते. चौराईत किती, तोतलाडोहात किती, वर पाऊस किती, खाली विसर्ग किती: दर तासाचे हे चार आकडे दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांना एकाच पडद्यावर दिसले असते तर जुलै २०१९ ची तूट ऑगस्ट २०१८ मध्येच दिसली असती, आणि २०२० मध्ये तोतलाडोहात दोन दिवस आधी थोडी जागा करता आली असती. पुराची जागा आणि दुष्काळाचा साठा एकाच धरणात हवा असतो, ही धरण चालवणाऱ्याची खरी कसरत. जास्त भरून ठेवलं तर पूर, जास्त रिकामं ठेवलं तर दिवसाआड. त्यासाठी वरची बातमी लागते, आणि वरची बातमी दुसऱ्या राज्यात आहे.

अलीकडच्या एका ऑक्टोबरात तोतलाडोह काठोकाठ होता. १५ तारखेला संध्याकाळी भावाचा फोन आला. रब्बीचं बियाणं आणायला तो दुसऱ्या दिवशी मौद्याला जाणार होता, गहू आणायचा की चणा हे ठरवायचं होतं.

"किती आहे वो बाई, तोतलाडोहात?"

"शंभर टक्के," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"ते तोतलाडोहाचं झालं," तो म्हणाला. "आमच्या मायनरचं सांग."